रक्त वाढवणारे इंजेक्शन आणि पेशीवरची दोन कुलपे

कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होते, तेव्हाची गोष्ट. आपले एक सभासद शेजारी येऊन बसले. त्यांच्या थोरल्या भावाचे दोन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे. मी नोकरीची सगळी वर्षे रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली हे मंडळात सर्वांना ठाऊक असल्याने असे प्रश्न माझ्याकडे येतातच.

ते म्हणाले, "दादाला रक्त वाढवायचे इंजेक्शन चालू आहे. पण हिमोग्लोबिन साडेअकराच्या जवळ आले की डॉक्टर लगेच डोस कमी करतात. चांगले तेरा-चौदा होऊ द्यायला काय हरकत आहे?"

त्यांची मुलगी बारावीला आहे. तिचा प्रश्न वेगळा होता. "काका, मी वाचलं की हेच इंजेक्शन मेंदूच्या मरणाऱ्या पेशी वाचवतं. मग आजीला पक्षाघात झाला तेव्हा का नाही दिलं?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी सापडते, पण ते दुधाचा पेला संपेपर्यंत सांगून होण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख. आपल्या बहुतेक घरांत मधुमेह किंवा रक्तदाब आहे आणि त्यातून किडनीचे दुखणे आलेलीही काही घरे आहेत, तेव्हा बाकीच्या मंडळींनाही त्याचा उपयोग होईल.

हे इंजेक्शन म्हणजे काय?

या औषधाचे नाव एरिथ्रोपोएटिन. डॉक्टर आणि नर्स त्याला थोडक्यात "ईपीओ" म्हणतात. हे बाहेरचे रसायन नाही. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात ते तयार होते. मोठ्या माणसात ते मुख्यतः किडनीत बनते आणि गर्भातल्या बाळात यकृतात.

रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. जुन्या पेशी सतत मोडीत निघतात, म्हणून हाडांतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार करत असतो. किती बनवायच्या हे त्याला कळवण्याचे काम ईपीओचे. रक्तातून पोहोचणारा प्राणवायू कमी पडला की किडनी ईपीओ वाढवते आणि मगज कामाला लागतो. पुरेसा प्राणवायू मिळू लागला की ईपीओ पुन्हा उतरते.

किडनीच खराब झाली की हा निरोप्याच नाहीसा होतो. मगज शाबूत असतो, लोह असते, पण "पेशी बनवा" असे सांगणारे कोणी नसते. डायलिसिसच्या रुग्णाचा चेहरा पांढराफटक का दिसतो आणि जिना चढताना त्याला धाप का लागते, त्याचे मोठे कारण हे आहे. इंजेक्शन म्हणजे तोच निरोप बाहेरून देणे.

शोधाला लागलेली ऐंशी वर्षे

असा काही निरोप असावा ही कल्पना १९०६ साली पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड-कामिय देफ्लांद्र यांनी मांडली. रक्त काढून घेतलेल्या सशाचा रक्तद्रव दुसऱ्या धडधाकट सशाला टोचला, तर त्याच्या तांबड्या पेशी वाढतात असे त्यांनी सांगितले. इतरांना तो प्रयोग नीट जमेना, त्यामुळे कल्पना मागे पडली.

१९५० साली कुर्ट राइसमान यांनी दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले आणि त्यांतल्या एकालाच विरळ हवेत श्वास घ्यायला लावला. तरी दुसऱ्याच्या मगजातही तांबड्या पेशींची घाई सुरू झाली. म्हणजे काहीतरी एकाच्या शरीरातून दुसऱ्याकडे जात होते. १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव यांनी सशांवर ते पक्के केले. हे "काहीतरी" किडनीतून येते, हे शिकागोच्या लिऑन जेकबसन आणि युजीन गोल्डवॉसर यांच्या गटाने १९५७ मध्ये दाखवले.

पण हा पदार्थ शुद्ध रूपात हातात येईना, कारण रक्तात तो अगदी नगण्य प्रमाणात असतो. तोडगा जपानमधून आला. ज्या रुग्णांचा मगजच निकामी झालेला असतो त्यांची किडनी जिवाच्या आकांताने ईपीओ सोडत राहते आणि त्यातले थोडे लघवीवाटे बाहेर पडते. ताकाजी मियाके यांनी अशा रुग्णांची २,५५० लिटर लघवी जमवली आणि आटवून, सुकवून शिकागोला नेली. तिच्यातून १९७७ मध्ये काही मिलिग्रॅम शुद्ध ईपीओ मिळाले. पुढे फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक शोधले, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून ते बनवून घेता येऊ लागले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झाले. त्याआधी डायलिसिसच्या रुग्णाला पुन्हा पुन्हा रक्ताची बाटली चढवण्यावाचून फारसा इलाज नसे.

किडनीला प्राणवायूची कमतरता कळते कशी, या प्रश्नाचा मागही ईपीओच्या जनुकावरूनच लागला. ते काम करणाऱ्या ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

पहिले कुलूप: मगजातले

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरतो, पण सगळ्याच पेशी त्याचे ऐकत नाहीत. ज्या पेशीच्या आवरणावर त्याला नेमके बसेल असे प्रथिन असते, तीच ऐकते. या प्रथिनाला शास्त्रीय मराठीत ग्राही म्हणतात. बोलताना आपण रिसेप्टरच म्हणू. कुलूप आणि किल्ली डोळ्यांसमोर ठेवली की पुरे.

मगजातल्या कोवळ्या रक्तपेशींवर ईपीओचे जे कुलूप असते, ते दोन सारख्या तुकड्यांच्या जोडीचे असते. ईपीओ त्या दोघांच्या मध्ये बसते, दोघे जवळ येतात आणि पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते.

हा निरोप काय असतो, ते नीट बघा. आपल्याला वाटते, ईपीओ पेशीला "वाढ" म्हणत असेल. खरे तर या कोवळ्या पेशी मरण्याच्या वाटेवरच असतात. कोणी थांबवले नाही, तर त्या ठरल्याप्रमाणे स्वतःला संपवून टाकतात. शरीराची ही नेहमीची व्यवस्था आहे, नको असलेली पेशी शांतपणे मिटून जाते. ईपीओ येऊन सांगते, "थांब, मरू नकोस." जितके ईपीओ जास्त, तितक्या जास्त पेशी वाचतात आणि पुढे तांबड्या पेशी होतात. म्हणजे रक्त "वाढवणारे" हे संप्रेरक मुळात पेशी वाचवणारे आहे.

हे एकदा ध्यानात आले की पुढचा प्रश्न आपोआप पडतो. मगजातली पेशी वाचवणारे संप्रेरक दुसरीकडची मरणारी पेशी वाचवू शकेल का?

मेंदूतला शोध

१९९० नंतरच्या दशकात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मेंदूतल्या काही आधारपेशीसुद्धा ईपीओ तयार करतात आणि प्राणवायू कमी पडला की ते वाढवतात. मेंदूत तर तांबड्या पेशी बनत नाहीत, मग तिथे ते कशासाठी? १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी, मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटे अडवलेल्या छोट्या प्राण्यांच्या मेंदूत ईपीओ सोडले, तेव्हा जास्त चेतापेशी वाचल्या. २००० साली अमेरिकेत मायकल ब्राइन्स आणि अँथनी सेरामी यांच्या गटाने दाखवले, की ईपीओ नुसते शिरेत टोचले तरी त्यातले काही मेंदूपर्यंत पोहोचते आणि इजा कमी करते. त्यानंतर हृदय, किडनी, पाठीचा कणा, डोळ्याचा पडदा, नसा अशा अनेक ठिकाणी प्राण्यांवरचे प्रयोग झाले आणि पुष्कळदा असाच परिणाम दिसला.

हे कसे होते ते समजायला पक्षाघाताचे उदाहरण घेऊ. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली की जिथे पुरवठा पूर्ण थांबतो, तिथल्या पेशी मिनिटांत मरतात. त्यांना कोणी वाचवू शकत नाही. पण त्या जागेभोवती एक कडा असते. तिथल्या पेशींना थोडाफार पुरवठा चालू असतो आणि त्या पुढचे काही तास, कधी काही दिवस, जगणे-मरणे यांच्या मध्ये लटकत असतात. शेजारच्या मेलेल्या पेशींमुळे तिथे दाह सुरू होतो, सूज येते आणि लटकणाऱ्या पेशीही एकेक करून स्वतःला संपवतात. ईपीओचे काम या कडेवर चालते. ते दाह आवरते आणि पेशीला मिटू देत नाही.

दुसरे कुलूप

मग मेंदूतल्या पेशीवर मगजातलेच कुलूप असते का? यावर २००४ मध्ये ब्राइन्स आणि सेरामी यांच्या गटाने एक मांडणी केली. त्यांच्या मते इजा झालेल्या पेशीवरचे कुलूप जोडीचेच असते, पण जोडी मिश्र असते. त्यात एक तुकडा ईपीओच्या नेहमीच्या कुलपातला आणि दुसरा "सामाईक बीटा" नावाच्या वेगळ्या प्रथिनाचा. हे बीटा प्रथिन पांढऱ्या पेशींच्या आणखी काही संदेशवाहकांच्या कुलपांतही असते, म्हणून "सामाईक".

पुरावा असा होता. ज्यांच्यात हे बीटा प्रथिन जन्मतःच नाही असे उंदीर घेतले. त्यांचे रक्त नीट बनत होते, म्हणजे पहिले कुलूप ठीक होते. पण त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा केल्यावर ईपीओ देऊनही त्यांना फायदा झाला नाही. त्याच वर्षी दुसरा पुरावा उलट्या बाजूने आला. ईपीओच्या रेणूत छोटासा रासायनिक बदल केला, तेव्हा ते मगजातल्या कुलपात बसेनासे झाले आणि रक्त वाढवण्याचा त्याचा गुण गेला. पेशी वाचवण्याचा गुण मात्र राहिला.

या मांडणीनुसार दोन कुलपांच्या स्वभावातही फरक आहे. मगजातले कुलूप फार हळवे आहे, त्याला अगदी थोडे ईपीओ पुरते, पण ते सतत मिळत राहावे लागते, कारण पेशी पिकायला दिवस लागतात. इजा झालेल्या जागेचे कुलूप जड आहे. त्याला एकदम पुष्कळ ईपीओ लागते, पण थोडाच वेळ पुरते. निसर्गात ही सोय चांगली जुळते, कारण इजेच्या जागीच ईपीओ बनते, तिथल्या तिथे वापरले जाते आणि सगळ्या शरीराचे रक्त वाढत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही मांडणी सर्व शास्त्रज्ञांना मान्य नाही. पेशीवर कुलूप आहे की नाही हे पाहायला जी रसायने वापरली जात, त्यांतली काही चुकून दुसऱ्याच प्रथिनांना चिकटत होती, असे २००६ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे "अमुक अवयवात ईपीओचे कुलूप सापडले" असे म्हणणारे बरेच जुने अहवाल पुन्हा तपासावे लागले. मिश्र कुलूप सगळ्याच अवयवांत असते का, यावर अजून वाद आहे.

मग आजीला का दिले नाही?

आता मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. पक्षाघातात ईपीओ देऊन पाहिले गेलेच. जर्मनीत हानेलोरे एहरेनराइख यांच्या गटाने २००२ मध्ये ४० रुग्णांवरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. निकाल आशादायक होता. मग त्यांनीच ५२२ रुग्णांवर मोठा अभ्यास केला, तो २००९ मध्ये आला. एकूण पाहता फायदा दिसला नाही. उलट, ईपीओ घेतलेल्यांत सुमारे १६ टक्के रुग्ण दगावले आणि न घेतलेल्यांत ९ टक्के. गुठळी विरघळवणारे औषध ज्यांना दिले होते, त्यांच्याबाबत काळजी विशेष होती.

पुढेही असेच झाले. डोक्याला जबर मार लागलेल्या ६०६ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, फार लवकर जन्मलेल्या ९४१ बाळांचा २०२० मध्ये आणि जन्मताना गुदमरलेल्या सुमारे ५०० बाळांचा २०२२ मध्ये. मेंदू वाचवण्याच्या दृष्टीने तिन्हींत स्पष्ट फायदा मिळाला नाही.

प्रयोगशाळेतला उंदीर तरुण आणि निरोगी असतो, त्याला इजा कधी होणार हे आधीच माहीत असते आणि औषध अगदी वेळेवर मिळते. आपली आजी ऐंशीची, तिला मधुमेह, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत तास निघून गेलेले. पण याहून मोठी अडचण किल्लीचीच आहे. दुसरे कुलूप उघडायला मोठा डोस लागतो आणि तो डोस पहिले कुलूपही सताड उघडतो. तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होते, बिंबाणू जास्त चळवळे होतात, रक्तदाब चढतो. ज्या माणसाची रक्तवाहिनी गुठळीनेच बंद झाली आहे, त्याच्यात गुठळीचा धोका वाढवणे परवडणारे नसते. आजीच्या डॉक्टरांनी ते इंजेक्शन दिले नाही हे योग्यच केले.

आणि दादाचे हिमोग्लोबिन साडेअकराच का?

हा प्रश्न त्याच पहिल्या कुलपाचा आहे. सुरुवातीला डॉक्टरांनाही वाटले होते, की निरोगी माणसाइतके हिमोग्लोबिन आणले तर रुग्ण जास्त बरा राहील. २००६ मध्ये किडनीच्या १,४३२ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात साडेतेराचे लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाचे त्रास, साडेअकराच्या जवळचे लक्ष्य ठेवलेल्या गटापेक्षा जास्त झाले. २००९ मध्ये मधुमेह आणि किडनीविकार दोन्ही असलेल्या ४,०३८ रुग्णांचा अभ्यास आला. तेराचे लक्ष्य ठेवून ईपीओसारखे औषध घेतलेल्यांत १०१ जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात ५३ जणांना. जवळजवळ दुप्पट.

म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांत या औषधाने हिमोग्लोबिन साधारणपणे साडेअकराच्या वर ठेवत नाहीत, आणि तेराच्या वर तर मुद्दाम कधीच नेत नाहीत. डॉक्टर डोस कमी करतात, तो काटकसर म्हणून नव्हे. दमणूक कमी व्हावी, रक्ताची बाटली चढवावी लागू नये आणि पक्षाघातही होऊ नये, अशा बेताच्या जागी ते थांबतात.

सायकल शर्यतींतल्या खेळाडूंनी हेच औषध चोरून घेतले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९० मध्येच त्यावर बंदी घातली. ज्याचे रक्त आधीच पुरेसे आहे त्याने हे घेणे म्हणजे दाट रक्त हृदयाला ढकलायला लावणे. "अशक्तपणा आहे, टॉनिक म्हणून एखादे इंजेक्शन घेऊ का?" असे कोणी विचारले, तर उत्तर स्पष्ट नाही असेच आहे.

पुढे काय?

संशोधन थांबलेले नाही. दुसरे कुलूप उघडेल पण पहिल्याला हात लावणार नाही, अशी किल्ली घडवण्याची खटपट चालू आहे. ईपीओच्या रेणूचा जो भाग इजा झालेल्या पेशीच्या कुलपाला भिडतो असे मानतात, त्याची नक्कल करणारा अवघ्या ११ अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू तयार झाला आहे. त्याचे नाव सिबिनेटाइड. तो रक्त वाढवत नाही. बारीक नसांच्या दुखण्यावर त्याच्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत. नेहमीच्या उपचारात तो अजून आलेला नाही, तेव्हा कोणी तो विकत देऊ केला तर दूर राहावे.

किडनीच्या रुग्णांसाठी मात्र एक नवा मार्ग खुला झाला आहे. शरीराला "प्राणवायू कमी आहे" असे भासवून स्वतःचेच ईपीओ वाढवायला लावणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. त्यांतली डेसिडुस्टॅट ही अहमदाबादच्या झायडस कंपनीची, आणि तिला भारतात मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली. सुई टळते ही सोय मोठी आहे. पण वाढते शेवटी ईपीओच, तेव्हा हिमोग्लोबिनवर नजर ठेवणे इथेही सुटत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

• ईपीओ निरोप देते, पण तांबडी पेशी बनवायला लोह लागते. डोस वाढवूनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर लोहाची तपासणी कधी झाली ते डॉक्टरांना विचारा. अंगात कुठे जंतुसंसर्ग असला तरीही औषध नीट लागू पडत नाही.

• इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये आणि जोराने हलवू नये. प्रवासात थंड डबा न्यावा.

• या काळात रक्तदाब वाढू शकतो. तो घरी नियमित मोजून वहीत लिहा आणि वही डायलिसिसला जाताना बरोबर न्या.

• अचानक जोराचे डोके दुखणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, छातीत दुखणे, एका पायाला सूज येणे किंवा फिस्टुलाची थरथर थांबणे, यांतले काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

• डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका आणि बंदही करू नका.

हा लेख लिहिण्याआधी दादांना भेटून आलो. हिमोग्लोबिन ११.२ होते. डोस पुन्हा कमी केला म्हणून ते कुरकुरत होते. पुतणीने कागदावर दोन कुलपे काढून त्यांना सगळे समजावले. ऐकून म्हणाले, "म्हणजे डॉक्टर मला दुसऱ्या आजारातून वाचवतायत." तिने मान डोलावली. त्यानंतर त्यांनी रक्तदाबाची वही मागून घेतली आणि मागच्या आठवड्याच्या रिकाम्या राहिलेल्या रकान्यांबद्दल तिलाच रागावले.